ओटिसने विचारले नाही

मित्रांनो, माझ्या कातड्याला भेगा पडल्या आहेत आणि एक शिवण उसवली आहे. मी कॅचरचा हातमोजा आहे. पिचरने फेकलेला चेंडू झेलणे हेच माझे आयुष्य होते. मी एका गिरणीच्या गावच्या बेसबॉल संघात, ओटिस ब्रँडलच्या डाव्या हातावर अकरा हंगाम काढले. तो मला तेल चोळायचा, पोटात चेंडू बांधून गादीखाली ठेवायचा. बायकोपेक्षा माझे लाड जास्त, असे ती चारचौघांत सांगायची.

मग तो हंगाम आला. मालकांनी नावाजलेले खेळाडू दुसऱ्या संघांना देऊन टाकले आणि कच्ची पोरे आणली. "संघ नव्याने बांधतोय, जरा कळ काढा," असे त्यांनी गावाला सांगितले. ओटिसला ठेवले ते कॅल्विन रुडीला घडवायला. कॅल्विन वीस वर्षांचा पिचर, गावाची सगळी आशा त्याच्या उजव्या हातावर होती.

आम्ही सारखे हरलो. प्रेक्षक ओरडायचे, "ओटिस, घरी जा, नातवंडं सांभाळ!" कॅल्विनही त्याला आजोबाच म्हणायचा.

"आजोबा, गुडघे वाजतायत तुझे. फलंदाज दचकतोय."

"तू नीट फेक रे शहाण्या, गुडघ्यांचं मी बघतो."

मला ते दिवस फार आवडले, हरत होतो तरी.

ऑगस्टमधल्या एका सामन्यात कॅल्विनने कमाल केली. नऊपैकी सहा डाव संपले तरी एकाही फलंदाजाला त्याच्या चेंडूवर धड फटका मारून पहिला तळ, म्हणजे बेस, गाठता आला नव्हता. अशा वेळी आमच्याकडे एक रीत पाळतात. सामना संपेपर्यंत त्या पिचरशी कोणी बोलायचे नाही, नाहीतर दृष्ट लागते. सगळे बाकाच्या एका टोकाला सरकले. दुसऱ्या टोकाला कॅल्विन एकटा बसला.

आठव्या डावात चेंडू माझ्यात वेगळा पडू लागला. त्यातला जोर गेला होता. ओटिसलाही ते जाणवले, कारण त्याची बोटे माझ्या आत आखडली. बाकावर आल्यावर कॅल्विन कोपर चोळत होता. ओटिस उठला. आमच्या संघात पहिला तळ सांभाळणाऱ्या डेन्टनने त्याची बाही धरली.

"खाली बस! पोराच्या मुळावर उठलास का?"

"अरे, पण त्याचा हात बघ ना."

"तीन जण तर बाद करायचे राहिलेत. गप्प बस."

ओटिस बसला. मी त्याच्या मांडीवर होतो. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो.

शेवटचा चेंडू माझ्यात आला आणि फलंदाज बाद झाला. सगळे धावत सुटले. त्यांनी कॅल्विनला खांद्यावर उचलले. तो किंचाळत होता आणि त्यांना वाटले, पोरगा आनंदाने ओरडतोय. "हात सोडा," हे शब्द आधी ओटिसला ऐकू आले.

कोपरातला स्नायुबंध तुटला होता. तो हात पुन्हा कधी चेंडू फेकू शकला नाही आणि नवा संघ काही बांधला गेला नाही.

ओटिस मला बगलेत घेऊनच दवाखान्यात गेला.

"सांगायचंस ना रे मला," तो म्हणाला.

"मीच तोंड उघडलं असतं तर सगळ्यांनी मलाच खाल्लं असतं," कॅल्विन म्हणाला. "तू उठलास तेव्हा वाटलं, आजोबा विचारणार. तू विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं."

ओटिसने त्यानंतर मला हातात घातले नाही. आता मी क्लबात काचेच्या पेटीत असतो. लोक मुलांना दाखवतात, "तो ऐतिहासिक चेंडू यानेच झेलला!" मला मात्र त्या कौतुकाची लाज वाटते.

मित्रांनो, मला तेल लावले नाही तरी चालेल. पण तुमच्याजवळ कोणी मुकाट्याने दुखरा हात चोळत बसला असेल, तर कोणतीही रीत आड येऊ देऊ नका. उठून त्याच्यापर्यंत जा आणि विचारा. ओटिस उठला होता, पण पोचला नाही. बाकाचे ते टोक चार पावलांवर होते.