बॅटरी उतरू नये म्हणून

न बघता हात वर नेऊन तिने डबा काढला, उकळत्या चहात दोन चमचे टाकले, आणि मग तिला दिसलं, ते मीठ होतं. एकेक झाकण उघडत गेली तेव्हा साखर सापडली. खालच्या फळीवर, पिठाच्या मागे कोंबलेली.

"उंचीप्रमाणे लावलेत," नवरा दारातून म्हणाला. "आता कसं, एका नजरेत दिसतं सगळं."

त्याच्या आवाजात शाबासकीची अपेक्षा होती. तो लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. लग्न झाल्यापासून महिन्यातले चार-दोन दिवस घरी, तेही निम्मे झोपेत. आता साथीमुळे रस्ते बंद झाले, ट्रक इमारतीशेजारच्या मोकळ्या जागेत उभा राहिला आणि हा माणूस घरात. उठल्यापासून झोपेपर्यंत. त्याने नळाचा वायसर बदलला, ते ठीक. मग पलंगाची दिशा बदलली. मग मुलीला अभ्यास कसा करायचा ते सांगू लागला, आणि काल सासूबाईंच्या गोळ्यांच्या वेळा. ज्या गोळ्या द्यायला ती इतक्या वर्षांत तापानं फणफणतानाही चुकली नव्हती.

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"अगं, तुझ्या सोयीसाठीच केलं ना."

"माझी सोय? आंधळ्यासारखं चाचपडायला लावलंत मला माझ्याच—"

"आई!" आतून मुलगी जीव खाऊन कुजबुजली. "माइक चालू आहे!"

मोबाइलवरचा वर्ग चिडीचूप झाला. मग कोणीतरी फिसकन हसलं. "ज्यांच्या घरी कार्यक्रम चालू आहे, त्यांनी आवाज बंद करा," शिक्षिका म्हणाल्या.

तिची कानशिलं तापली. ती बाथरूममध्ये गेली, कडी लावली, नळ सोडला आणि तोंडात टॉवेलचा बोळा कोंबला.

"पाणी वाया जातंय गं," बाहेरून सासूबाई म्हणाल्या.

तिने नळ बंद केला. दोन खोल्या, चार माणसं. या घरात स्वयंपाकाला जागा होती, अभ्यासाला होती, खोकायला होती. चिडायला तेवढी नव्हती.

ती बाहेर आली तोवर तो खाली गेला होता. बॅटरी उतरू नये म्हणून रोज थोडा वेळ इंजिन चालू ठेवावं लागायचं. तिने मास्क चढवला, सापडल्या त्या चपला पायांत सरकवल्या, एक स्वतःची, एक मुलीची, आणि धाडधाड जिना उतरली.

तो वाकून टायर बघत होता.

"बोलणं अर्धवट टाकून निघून येता?" तिने सुरुवात केली आणि ती गप्प झाली. कामाविना घरी बसलेली सगळी इमारत खिडक्यांत येऊन उभी होती. पहिल्या मजल्यावरच्या काकू तर कप-बशी घेऊन.

त्याने वर पाहिलं. मग तिच्याकडे. केबिनचं दार उघडून तो म्हणाला, "चढ."

ती कधी चढली नव्हती. पायरी उंच होती. त्याने पुढे केलेला हात न धरता तिने दांडी पकडली आणि स्वतःला वर ओढलं. तो पलीकडून येऊन बसला, दोन्ही काचा वर केल्या आणि चावी फिरवली. अख्खी केबिन थरथरू लागली.

"आता बोल."

"काय बोल? यात काय ऐकू येणार तुम्हाला?"

"जन्म गेला या आवाजात. क्लीनर मला शिव्या पुटपुटतो, त्याही कळतात."

तिने मास्क ओढून काढला. डब्यांपासून सुरू केलं. डब्यांवरून पलंगावर, पलंगावरून गोळ्यांवर. मग आवाज चढला आणि वर्षानुवर्षं मागे गेला.

"पोरगी पोटात आडवी आली तेव्हा ऑपरेशनच्या कागदावर सही कोणी केली? मी! कळा देत! तुमचे वडील गेले तेव्हा तुमच्या आईला कोणी धरून ठेवलं? कुठे होतास तू? फोनवर काय म्हणालास, 'तू आहेस ना तिथे!' आहेच मी! कायम आहेच! आणि आता येऊन मला घर शिकवतोस?"

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, तिला कळलं नाही. त्याला कळलं. त्याने स्टीअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं आणि समोरच्या कुंपणाच्या भिंतीकडे तो असा बघत होता, जणू तिथून रस्ता पुढे जातो.

तिचा घसा फाटला. तिने थुंकी गिळली.

"अजून आहे," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "खूप आहे."

त्याने मान हलवली. काच खाली न करता वर नजर टाकली. काकूंनी कप ठेवून दिला होता आणि खिडकीचं दुसरंही दार उघडून त्या बाहेर झुकल्या होत्या.

त्याने ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला आणि हळूहळू दाबत नेला, इंजिन गरजू लागेपर्यंत.