रोज उघडलेले झाकण

मित्रांनो, गोठ्यामागे अडगळीत पडलेले हे जुने निळे पिंप म्हणजे मीच. कानडी मुलखातल्या पीण्या औद्योगिक वसाहतीतील पशुखाद्याच्या एका कारखान्यात उसाची मळी साठवण्यात माझे तारुण्य गेले. तेथील फिटर जयसिंगराव निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी मला मागून घेतले आणि तळ्याकाठच्या आपल्या घरी आणले.

१९९६ च्या उन्हाळ्यापर्यंत भोवतालच्या कुरणांवर प्लॉट पडले होते. गोठ्यात पवळी ही एकच गाय उरली होती.

"वैरणीची सोय झाली नाही, तर गुरांच्या व्यापाऱ्याला, देवाप्पाला विकावी लागेल," जयसिंगराव पत्नीला म्हणाले. पवळीला जमनाबाईंनीच वासरापासून वाढवले होते.

मग जयसिंगरावांनी मुरघास करायला घेतला. तळ्यातील जलपर्णी काढली, मुळे छाटली, पाने उन्हात सुकवून बारीक कापली. त्यांत मळी आणि भाताचा कोंडा मिसळून थरावर थर माझ्यात तुडवून भरला. हवा लागली नाही, तरच हा चारा नीट आंबतो. परंतु झाकण आवळताना ते एवढेच म्हणाले, "महिनाभर उघडायचं नाही."

"सरी, बरं," जमनाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या सकाळी ते फिरायला जाताच जमनाबाईंनी झाकण काढले आणि दांडक्याने चारा खोलवर ढवळला.

"स्वल्प हलवते रे बाबा," त्या मला म्हणाल्या. "लोणचं हलवलं नाही तर बुरशी धरते की!"

मग झाकण होते तसे लावले. हे रोज चालले. मला तोंड होते; वाचा नव्हती.

महिन्याने जयसिंगरावांनी मला उघडले. आत काळी बुरशी आणि कुजका दर्प. पवळीने हुंगून मान फिरवली.

"कोण उघडलं हे?"

"मीच. रोज हलवलं वो, लोणच्यासारखं. का उघडायचं नाही, ते तुम्ही सांगितलंच नाही..."

ते रागावले नाहीत. कुजलेला चारा उपसून त्यांनी उकिरड्यावर टाकला.

देवाप्पाचा टेम्पो आला. पवळी काही केल्या फळीवर पाय ठेवीना.

"अक्का, तुम्ही पुढं चढा. तुमच्या मागं येते बघा," देवाप्पा म्हणाला.

जमनाबाई चढल्या. "ये गं पवळे."

ती लगेच चढली. जमनाबाई उतरल्या, तेव्हा तीही उतरायला वळली. पण दावे बांधून झाले होते.

मित्रांनो, कोणाला 'नको' म्हणाल, तेव्हा 'का' तेही सांगा. माया करणाऱ्याला तर सर्वांआधी सांगा. त्याचे हात स्वस्थ बसत नाहीत.