कलम धरलं

ऑपरेशनच्या चौथ्या दिवशी माझा डावा गाल माझ्याआधी जागा झाला आणि माझ्या बायकोकडे, सुरंगाकडे, बघून हसला. मी अजून झोपेत होतो. हे मला तिनेच सांगितलं. सांगताना तिचा चेहरा खुलला होता. माझ्यासाठी तो पंधरवड्यात एकदाही खुलला नव्हता.

ग्रासकटरचं पातं तुटून माझा जुना गाल गेला. डॉक्टर अणावकरांनी मांडीची कातडी काढून नवा बसवला, असं ते म्हणाले. मी मांडीची पट्टी सोडून पाहिली. खाली साधा ओरखडाही नव्हता. मग ही कातडी कुणाची, असं मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी मांडीला पुन्हा नीट पट्टी बांधली आणि म्हणाले, "तुमचीच."

मला कातडी लावण्यातलं कुणी शिकवू नये. सत्तावीस वर्षं मी हापूसची कलमं बांधतोय. खाली मुळांचा खुंट रायवळचा, वर बांधायची काडी हापूसची. बांधायचं काम माझं आणि खुंट छाटायचं सुरंगाचं, कारण मला ते बघवत नाही. डॉक्टरांनी कौतुकाने विचारलं, तेव्हा मला राहवलं नाही. कलमाने जीव धरला की जोडाच्या वर दोन बोटं सोडून खुंटाचा शेंडा उडवायचा, नाहीतर तो सगळा रस एकटाच पितो, असं मी रंगवून सांगितलं. डॉक्टरांनी ते माझ्या फाइलमध्ये उतरवून घेतलं. सुरंगाने मान डोलावली. माझीच जीभ मला नडली.

दुसऱ्या दिवशी सिस्टरने डाव्या गालाची पट्टी काढली आणि उजव्या गालाला बांधली. उजव्याला काहीच झालं नव्हतं. उजेड लागू नये म्हणून, असं ती म्हणाली. चहा तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून देऊ लागली. सुरंगानेही आपलं स्टूल उचलून डावीकडे नेलं. नवी कातडी आंब्याच्या पालवीसारखी तांबूस होती आणि शनिवारी ती नाक ओलांडून अलीकडे, माझ्या उजव्या बाजूला आली.

मेहुणा भेटायला आला. तासभर तो डाव्या गालाशी शेणखताच्या गप्पा मारत बसला. मी मध्येच त्याला हाक मारली, तर त्याने खिडकीकडे पाहिलं. जाताना भावोजी आता बरे दिसतात, असं सुरंगाला सांगून गेला.

मला सुरंगाचा संशय येऊ लागला. जिच्या हातचं इतकी वर्षं खाल्लं तिच्यावर संशय घ्यायची लाज वाटत होती, पण मी तिच्या पिशवीवरची नजर काढली नाही. पिशवीला आंब्याच्या चिकाचा वास येत होता.

"पिशयेत काय आसा?" मी विचारलं.

"काय नाय. तुमी गप रवा."

बुधवारी सकाळी डॉक्टर आले. त्यांनी अंगठ्याने नवा गाल दाबला. रंग गेला आणि लगेच परत आला. "धरलंय," ते म्हणाले. मग फाइल मिटून ते दाराशी जाऊन उभे राहिले. घाईत दिसत नव्हते.

सुरंगाने पिशवीतून छाटणीची कात्री काढली आणि नेहमीप्रमाणे पदराला पुसली. मला भीती वाटली. पट्टीमुळे उजवा ओठ उघडत नव्हता, तरी मी जोर करून बोललो.

"सुरंगा, मी हंय आसंय. पट्टीखाली."

"म्हायत आसा माका," ती म्हणाली. "जास्त दुखूचा नाय."

तिने जोडाच्या वर दोन बोटं ठेवली. बोटं गार होती. डावा गाल तिला जागा देण्यासाठी आपणहून थोडा बाजूला सरकला.