पाव्हण्यांच्या बुडाखालचं घोंगडं

लेकीला, शालीला बघाय मलकापूरचं पाव्हणं येणार, म्हणून राहीबाईनं दिवस उगवायच्या आधीच सोपा सारवून काढला आणि मळ्यात जाऊन सुनेला बजावलं, "आज मळ्यातनं हलू नगंस. पाव्हणं जाऊस्तवर घराकडं फिरकायचं न्हाई."

धोंडुबाई मुकाट ऊस भांगलायला वळली. सहा महिने झाले, तिनं या घरच्या चुलीला हात लावला नव्हता. लढाई संपली, राहीबाईचा पोरगा सयाजी पलटणीतनं सुटून आला आणि दरसाल मळ्यात मेंढरं बसवणाऱ्या अर्जुना धनगराच्या या पोरीला औंधाला यमाईपुढं माळ घालून मोकळा झाला. तेव्हापासून राहीबाईनं दोघांना मळ्यातल्या खोपीत ठेवलं होतं.

"आई, तिला लपवून शालीचं लगीन करणार व्हय?" सयाजी म्हणाला.

"तुझ्या मनासारखं झालं न्हवं? आता माझ्या पोरीचं हू दे."

पाव्हणं आलं. मुलाचा चुलता नानासो नव्या घोंगड्यावर ऐसपैस बसला. चहा झाला, पोरगी पसंत पडली. मग त्यानं आवाज खाली घेतला.

"तुमच्या पोरानं धनगरीण आणलीया म्हनं. मेंढरामागचं मानूस आमच्या पंगतीला चालायचं न्हाई. माघारी घालवली म्हणून सांगा, मग आमी काय इच्यारत न्हाई."

बोलता बोलता त्याचा हात घोंगड्यावरनं फिरत होता. "लय मऊ हाय. कुठल्या बाजारातलं?"

राहीबाई चपापली. घरातलं चांगलं अंथरायच्या गडबडीत ते कुणी दिलेलं, हे तिच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. दाराआडनं शाली बघत होती. सून माघारी घालवली, एवढं म्हटलं की पोरीचं लगीन ठरत होतं.

"बाजारातलं न्हवं," राहीबाई म्हणाली. "सूत माझ्या सुनंनं काढलंया, तिच्या बापानं इणलंया. तासभर बसलासा, तवा टोचलं न्हाई व्हय?"

नानासो ताडकन उठला. "बाई, पोरगी घरात बसंल."

"बसंल. सवताच्या घरात बसंल."

बैलगाडी गेली. शाली आईकडं न बघताच म्हणाली, "दादानं त्याचं बघितलं, तू तुझा ताठा बघितलास. माझं कुनी बघायचं?"

राहीबाईनं घोंगडं झाडलं, घडी घातली आणि मळ्याची वाट धरली.

"चल घरला," ती बांधावरनंच म्हणाली. "शाली रडत बसलीया. भाकरी कोन थापनार?"

धोंडुबाईनं खुरपं खाली ठेवलं. "आत्याबाई, आन् पाव्हणं?"

"गेलं."

घर येईस्तवर राहीबाई दहा पावलं पुढंच चालली. सुनेनं आपलं तोंड बघू नये, म्हणून.