डोंगराकडे पाठ

पहाटेचा उजेड जर्मनीतल्या एल्ब नदीवर आधी राखाडी असतो. मग तो धुक्यातून हळूहळू वर चढतो, पाइनच्या शेंड्यांवर थोडा अडखळतो, समोरच्या कड्याला क्षणभर मधाचा रंग देतो आणि शेवटी या खिडकीत, माझ्या झिजलेल्या कातडी पेटीपाशी, थकल्यासारखा येऊन बसतो. मीही थकलो आहे. मित्रांनो, मी एक जुना काळा आरसा आहे.

ड्रेस्डेनच्या एका कारागिराने मला तळहाताएवढे, किंचित फुगीर घडवले आणि काचेमागे काजळासारखा रंग भरला. चित्रकार गॉटलोबने मला आयुष्यभर खिशात बाळगले. डोंगर रंगवायचा असला की तो डोंगराकडे पाठ करून उभा राही आणि मला डोळ्यांसमोर धरून माझ्यातले त्याचे प्रतिबिंब रंगवी. तेव्हाची रीतच तशी होती. माझ्यात ऊन निवत असे, अक्राळविक्राळ कडा मुकाट्याने चौकटीत बसत असे. लोक वाखाणत आणि मी सुखावत असे.

त्याची मुलगी थेकला मात्र मला हात लावीना.

"बाबा, डोंगर समोर असताना मी त्याला पाठ का दाखवू?"

"आरशात तो शिस्तीत बसतो, पोरी."

"शिस्तीत बसायला तो काय शाळेतला पोरगा आहे? त्याला पाहून माझ्या छातीत धडधडतं. ते तुमच्या आरशात कुठे दिसतं?"

"धडधड रंगवत नसतात. आधी नियम शीक."

"नियम तुम्ही रंगवा. मी धुकं रंगवते."

तिने खरोखरच अर्धा कडा आणि बाकी नुसते धुके रंगवले. शेजारीण म्हणाली, "अगं बाई, चित्र पुसलं गेलं वाटतं!"

मग एका हिवाळ्यात खोकल्याने गॉटलोबला पार खचवले. वसंत काही दिसणार नाही, असे वैद्य म्हणाले. त्याला कडा एकदा पाहायचा होता. थेकलाने त्याला शालीत गुंडाळून, आधार देत टेकडीवर नेले. सवयीने त्याने पाठ फिरवली आणि मला बाहेर काढले. खोकल्याच्या उबळीने मी हिंदकळत होतो. माझ्यात कड्याचे प्रतिबिंब ठरत नव्हते. थेकलाने मला अलगद काढून घेतले आणि खांदे धरून त्याला वळवले.

"आता बघा, बाबा."

त्याने मान वर केली, मग आणखी वर.

"अगं... हा तर अंगावर येतो!"

"भीती वाटते?"

"वाटते. मला सोडू नकोस. पण परत वळवूही नकोस."

तो गेल्यावर थेकलाने मला या खिडकीत ठेवले. आठवण आली की ती झग्याच्या टोकाने माझी धूळ पुसते. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, एवढेच मागणे मागून मी थांबणार होतो. थकलेल्याला याहून जास्त बोलवत नाही. पण त्या टेकडीवर मला जे कळले होते आणि तरीही मी मान्य केले नव्हते, ते सांगतो. मी डोंगर दाखवत नव्हतो. मी तो लहान करत होतो.