हाताचा वास

डोकं

बटाट्याच्या डोक्यावर केसांचा एक तुरा होता. अंगावर केस म्हणून जे काही होते ते तेवढेच. बाकी सगळा कुत्रा उघडा: राखाडी, पोटाशी गुलाबी ठिपके, हात लावावा तर गरम. घरी आला त्या दिवशी सलूनवाल्याला वाटलं, हा तापाने फणफणलाय.

"ताप नाही हो," बायको म्हणाली. "इतर कुत्र्यांचे आपण केस कुरवाळतो. हा थेट लागतो, एवढंच."

सलूनवाल्याच्या घरी बिनकेसांचा कुत्रा! गल्लीने मनसोक्त चेष्टा करून घेतली. "घरातलंही गिऱ्हाईक सोडलं नाहीत वाटतं?" तोही हसायचा. पण बटाट्या बायकोचाच राहिला. ही जातच तशी, एकाला धरून राहणारी. बाकीचे खोलीत असले तर असू देत.

मग बायको गुडघ्याच्या ऑपरेशनला निघाली.

"कोमट पाण्याने आंघोळ. अंग टिपायचं, घासायचं नाही. मलम बोटभर, थापलंत तर पुटकुळ्या येतात. उन्हात न्यायचा तर सदरा घालून. आणि मागे लागू नका, तो आपणहून येतो. मला पुढे कित्येक महिने वाकता यायचं नाही. तुमचं दोघांचं जमलं नाही, तर ताई त्याला तिच्याकडे घेऊन जाईल."

ताई, तिची थोरली बहीण, दूर थंडीच्या गावात राहायची. बायको हे बोलली तेव्हा बटाट्याच्या कानाशी चाळा करत होती आणि नवऱ्याकडे बघत नव्हती.

"अगं, तुझ्या कुत्र्याच्या केसालाही धक्का लागणार नाही," तो म्हणाला.

(पुन्हा डोकं)

पण तो तुरा! एका बाजूला लांब, दुसऱ्या बाजूला आखूड. सलूनवाल्याच्या डोळ्यांत तो कुसळासारखा सलायचा. एका सकाळी आंघोळ झाली आणि बटाट्या टॉवेलात गुरफटून त्याच्या मांडीवर निमूट बसला. प्रथमच. त्याला भरून आलं. आता आपल्या माणसासाठी काहीतरी करावं असं वाटलं, आणि त्याला जे करता येत होतं ते त्याने केलं. कात्री आणली. कडा तेवढ्या सारख्या करू म्हणाला. कुत्र्याने मान हलवली, मग डावीकडचे जास्त गेले, मग उजवीकडचे जुळवावे लागले. तुरा गेला. मानेवरची लव वस्तऱ्याने साफ केली. आणि मग हात आपल्या सवयीने बाटलीकडे गेला. दाढीनंतरचं लोशन तळव्यांवर ओतलं, चोळलं, आणि फट्कन मानेवर.

बटाट्या किंचाळला.

कातडी

लाल झाली. जनावरांच्या डॉक्टरीणबाई फोनवर ओरडल्या, "अहो, स्पिरिट असतं त्यात! धुवून काढा, आणि वर आणखी काही लावू नका!" धुतलं. काही दिवसांत मान पहिल्यासारखी झाली. कातडीची समजूत लवकर पटते.

दात

बटाट्याला ते कमीच. या जातीत केसांची कंजुषी दातांनाही लागू असते. पण होते तेवढेही त्याने वापरले नाहीत. चावला असता तर फिट्टंफाट झाली असती. तो नुसता बायकोच्या खुर्चीखाली गेला आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

शेपूट

तिचं नंतर.

नाक

खरी भानगड इथे होती. हात पुढे केला की बटाट्या लांबूनच हुंगायचा आणि मागे सरकायचा. हाताला तो वास होता. साबणाने जाईना. जाणार कसा? रोज दुकानात हात त्याच वासात बुडत होते.

"लोशन राहिलं," खुर्चीतला घड्याळजी म्हणाला. रोजचं गिऱ्हाईक.

"संपलंय."

"ती काय समोर बाटली. भरलेली."

"लावत नाही आता. घरी एकाला वास चालत नाही."

"वहिनींना?"

"ती इस्पितळात आहे. कुत्र्याला."

घड्याळजीने आरशातून त्याच्याकडे टक लावून पाहिलं. "म्हणजे तुमच्या कुत्र्याच्या मर्जीसाठी आम्ही बिनवासाचं हिंडायचं?"

"हो."

"बायकोसाठी इतकं केलं होतंत कधी?"

सलूनवाल्याने दोन बोटांनी त्याचं डोकं खाली वाकवलं आणि मानेवरचे केस झटकले. मग बोटं तिथेच थांबली. जन्मभर लोकांची डोकी त्याने अशीच वळवली होती. कुणी आपणहून वळेल म्हणून वाट पाहिली नव्हती.

तेव्हापासून संध्याकाळी तो घरी यायचा, फरशीवर बसायचा आणि तळवा उघडा ठेवायचा. हाक नाही, बिस्कीट नाही. पायाला मुंग्या यायच्या. बटाट्या खुर्चीखालून बघायचा.

"कसा आहे?" बायको फोनवर विचारायची.

"मजेत."

पाठ

बायको ताईसोबत घरी आली. ताईच्या हातात कुत्रा न्यायची टोपली होती. बटाट्याने अंगणापासून सोफ्यापर्यंत नुसता धुमाकूळ घातला. मग बायकोला ते दिसलं.

"याचा तुरा?"

"मी कापला."

"आणि?"

"लोशन लावलं."

ताईने तोंडावर हात ठेवला. "माझे केस कापतानाही असंच करता तुम्ही," बायको म्हणाली. "मान धरून वळवता. सांगितलं तर मी वळवीन की."

संध्याकाळ गार होत गेली. बटाट्या तिच्या मांडीवर चढू पाहत होता, पण तिच्या गुडघ्याला पट्टा बांधलेला, ती त्याला घेऊ शकेना. तो मध्येच उभा राहिला, कुडकुडत.

"नेऊ मी याला?" ताई हळूच म्हणाली.

सलूनवाल्याच्या हातांना उचलायची भयंकर घाई झाली होती. त्याने ते उताणे करून सोफ्यावर ठेवले आणि बसून राहिला. बटाट्याने एक बोट हुंगलं. मग पुढचं. मग सगळा तळवा, सावकाश. वर चढला, बायकोकडे तोंड केलं आणि उघडी, गरम पाठ त्याच्या मांडीला टेकवून दिली.

"हात ठेवू का?" त्याने विचारलं.

"मला काय विचारता?" बायको म्हणाली.

"तुला नाही विचारलं."

शेपूट सोफ्यावर एकदा आपटली. ताईने टोपली उचलली आणि नेऊन दाराबाहेर ठेवली, रिकामीच.