सीटखालची शिवण

बाबा गेल्यापासून गाडीतल्या म्युझिक सिस्टिमचा पडदा मनाला येईल तेव्हा विझायचा, मनाला येईल तेव्हा उजळायचा. उजळला की बाबांचं आवडतं गाणं तुटलं होतं तिथूनच सुरू व्हायचं, जणू गाणाऱ्याने मधे नुसता श्वास घेतला होता.

लेकीला त्याची धास्ती बसली होती, आईला ओढ. दुपार झाली की आई किल्ली उचलायची आणि उभ्या गाडीत जाऊन बसायची. ताट निवायचं, हाका विरून जायच्या. काचेआड आईचे ओठ हलताना दिसायचे.

"बोलतात ते माझ्याशी," आई सांगायची. "काही विचारलं की दिवा लावतात."

आईला घरात परत आणायचं, तर हा दिवा एकदाचा दुरुस्त करायला हवा होता. म्हणून लेक गाडी घेऊन वायरिंगवाल्याकडे आली, आईसकट.

आई खाली उतरून बाकावर बसली. वायरिंगवाल्याने फ्यूज पाहिला, पडद्यामागच्या तारांचा जुडगा हलवून पाहिला. पडदा शहाण्या पोरासारखा उजळलेलाच.

"डॉक्टर दिसला की खोकला पळतो, तशातली गत," तो म्हणाला. "ताई, हे होतं तेव्हा गाडीत कोण असतं?"

लेक विचारात पडली. "आई असते. दर वेळी आईच."

"मग काकू, बसा बरं. रोज बसता तशा."

आई ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसली आणि पडदा विझला. लेक एक पाऊल मागे सरली.

"आता बोला त्यांच्याशी," वायरिंगवाला हळूच म्हणाला.

आई जरा लाजली. मग रिकाम्या सीटकडे कलली, खांदा टेकवायला तिथे कुणी असावं तशी. "ऐकलंत का?"

पडदा उजळला. गाणं लागलं.

वायरिंगवाल्याने गुडघे टेकले, टॉर्च घेऊन सीटखाली वाकला. "सरळ बसा, काकू." पडदा विझला. "आता कलून बघा." उजळला.

"हा पडदा कुणी बसवला?"

"बाबांनीच, हौसेने," लेक म्हणाली. "शिंपी होते ते."

"ते दिसतंच आहे."

त्याने आईला उतरवलं, सीट उलटी केली. पडद्याची तार गादीच्या खालच्या कापडाला शिवलेली होती, काज-बटणाच्या जाड दोऱ्याने. टाक्याला टाका जुळलेला, कुठे म्हणून सैल नाही.

"शिंप्याला झोळ कसा खपणार! पण तारेला थोडा झोळ लागतो, हो. काकू सरळ बसल्या की गादी दबते, तार ताणली जाते, आतलं तुटलेलं टोक सुटतं. कलल्या की पुन्हा टेकतं."

आईने टाक्यांवरून बोट फिरवलं. "आतली बाजू. कुणाला दिसत नाही, तिथेच जास्त जीव ओतायचे."

मग तिने विचारलं, "दादा, असंच राहू दिलं तर?"

"आवरण सोललंय, काकू. ठिणगी पडली तर गादी पेटेल, बसणाऱ्यासकट. गाडी अशी सोडायचा नाही मी."

त्याने ब्लेड उचललं तशी आईने त्याचा हात धरला. "कापड फाटेल. मी उसवते. जन्मभर ह्यांचं चुकलेलं मीच उसवलंय. चुकलं म्हणून एकदा तरी कबूल केलं असेल तर शपथ!"

त्याने तिला बारीक टोच्या दिला. आई फरशीवर मांडी घालून बसली. एक टाका निघाला, एक दुपार सुटली. दुसरा निघाला, दुसरी सुटली. लेक शेजारी बसून सुटे दोरे वेचत राहिली. दोघींपैकी कुणीच रडलं नाही.

वायरिंगवाल्याने नवी तार घातली, सैल सोडली, सीट जागेवर बसवली. आई बसली. पडदा उजळलेलाच. आई कलली. उजळलेलाच. आणखी कलून तिने विचारलं, "ऐकलंत का?"

गाणं आपल्या नादात पुढे गेलं. शेवटच्या ओळीपर्यंत गेलं आणि संपलं. मग दुसरं लागलं.

लेकीने ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. आईचा तळवा अजून ड्रायव्हरच्या सीटवर पसरलेला होता. लेक दाराशीच थांबून राहिली. बऱ्याच वेळाने आईने आपणहून हात उचलला.

"बस," ती म्हणाली. "घरी चल. भूक लागलीय मला."

लेक बसली. गाडी कधीची सावलीत उभी होती, तरी सीट कोमट होती. आईच्या तळव्याएवढीच नव्हे, सगळीच.